‘मातृभाषा’ नावाचा रकाना: नवी मुंबईतल्या एका इंटरनॅशनल शाळेतला मराठीचा तास

पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्यापासून फार लांब नसलेल्या एका इंटरनॅशनल शाळेत मी भाषा-समन्वयक म्हणून काम करत होते, तेव्हाचं हे प्रकरण आहे. शाळेचं किंवा कुणा माणसाचं नाव देत नाही. मुलांची ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत. घडलं ते मात्र याच क्रमाने घडलं.

शाळा आयबीची, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय मंडळाची. सहावीपासून एमवायपी, म्हणजे अकरा ते सोळा वयाच्या मुलांसाठीचा मिडल इयर्स प्रोग्रॅम. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी. मुलं तीन प्रकारची, असं आम्ही तेव्हा सहज म्हणायचो. पहिली, महापे-रबाळे-ऐरोलीकडच्या कंपन्यांत दोन-तीन वर्षांच्या करारावर आलेल्या परदेशी इंजिनिअरांची: कोरियन, जर्मन, एखाददुसरा जपानी. दुसरी, दुबई किंवा अमेरिकेतून परतलेल्या भारतीय कुटुंबांची. आणि तिसरी ‘लोकल’. या एका शब्दात ठाण्याच्या घोडबंदर रोडवरून रोज दीड तास बसमध्ये बसून येणारी मुलगी आली, सीवूड्सचं तमिळ कुटुंब आलं आणि शाळेच्या मागच्याच गावठाणातला आगरी मुलगाही आला. हे ‘तीन प्रकार’च पुढे आमच्या अंगाशी आले.

मराठी सक्तीची करणारा महाराष्ट्राचा कायदा २०२० चा. मंडळ कुठलंही असो, राज्य, सीबीएसई, आयसीएसई, केंब्रिज किंवा आयबी, मराठी शिकवायचीच. २०२०-२१ पासून पहिली आणि सहावीने सुरुवात करून दर वर्षी एकेक इयत्ता पुढे जायचं होतं. पालन न करणाऱ्या व्यवस्थापनाला एक लाख रुपयांपर्यंत दंड. करोनाच्या दोन वर्षांत आमच्याकडे मराठी स्क्रीनवरच ‘झाली’. मुलं कॅमेरा बंद करून काय करत होती, ते कुणीच विचारलं नाही. खऱ्या वर्गात, खऱ्या फळ्यासमोर सहावीची मुलं पहिल्यांदा बसली ती २०२२ च्या ऑगस्टमध्ये. दोन तुकड्या, मिळून एकेचाळीस मुलं, आठवड्याला मराठीचे चार तास. शिकवायला एक पूर्णवेळ बाई आणि गरजेला हिंदीच्या शिक्षिका, ज्यांच्या घरी मराठीच बोलतात.

मराठीच्या बाई मूळच्या विदर्भातल्या. ठाण्याच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत त्यांची बारा वर्षं गेली होती. तिथे मुलं त्यांना ‘बाई’ म्हणायची, इथे ‘मॅम’. पहिल्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या, “मॅम म्हटलं की मला वाटतं, मागे दुसरंच कुणी उभं आहे.”

अडचण कशी उभी राहिली

एका तासात एकेचाळीस मुलं बसवणं शक्य नव्हतं, म्हणून दोन गट करायचे ठरलं. गट कसे करायचे, यावर आम्ही जेमतेम दहा मिनिटं घालवली. प्रवेश अर्जात ‘मातृभाषा’ असा रकाना होता. ऑफिसने त्यावरून यादी काढून दिली. ज्यांच्या रकान्यात मराठी, ते एका वर्गात. बाकी सगळे, परदेशी आणि इतरभाषक, दुसऱ्या वर्गात. पहिल्या गटाला बालभारतीचं पुस्तक, दुसऱ्याला मुळाक्षरं आणि ‘माझे नाव... आहे’. यादीवर मीच सही केली.

सहा आठवड्यांत दोन्ही वर्गांची घडी विस्कटली. वरवर पाहणाऱ्याला ते दिसलं नसतं, कारण मुलं शांत होती. आंतरराष्ट्रीय शाळेतली मुलं कंटाळली की दंगा करत नाहीत, नम्रपणे बसून राहतात.

दुसऱ्या गटात सीवूड्सची तमिळ मुलगी होती. पाचवीपर्यंत ती नवी मुंबईतल्याच सीबीएसई शाळेत होती आणि तिथे पहिलीपासून मराठी शिकली होती. जोडाक्षरं, रफार, सगळं ती घडघडा वाचायची. तिला आम्ही ‘क’ गिरवायला बसवलं होतं. ती गिरवत होती. एकदाही तक्रार केली नाही. तिच्या शेजारी कोरियन मुलगी. मराठी वाक्यरचनेचा तिला काहीच त्रास नव्हता, कारण कोरियनमध्येही क्रियापद शेवटी येतं आणि विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात. ‘मी पाणी पिते’ हा क्रम तिच्या घरचाच. तिला अडायचं ते वेगळंच. शब्दाच्या सुरुवातीचे ‘क’ आणि ‘ग’ कोरियन कानाला वेगळे ऐकू येत नाहीत. ‘गाय’ म्हटलं की ती ‘काय’ ऐकायची आणि गोंधळून बाईंकडे बघायची. जर्मन मुलाला ‘तो, ती, ते’ पाहून हायसं वाटलं. हिंदीत दोनच लिंगं म्हणून त्याची पंचाईत झाली होती, मराठीत जर्मनसारखी तीन निघाली. ‘मूल’ नपुंसकलिंगी आहे म्हटल्यावर तो म्हणाला, आमच्याकडेही तसंच आहे. पण ‘ताट’ आणि ‘टाट’ यातला फरक त्याला ऐकूच यायचा नाही. या तिघांना एकच धडा, एकच वर्कशीट.

पहिल्या गटात, म्हणजे ‘मराठी’ गटात, यापेक्षा वाईट चाललं होतं. घोडबंदरच्या मुलीच्या आईवडिलांनी रकान्यात ठळक अक्षरांत ‘मराठी’ लिहिलं होतं. घरी मात्र दोघं एकमेकांशी मराठी बोलायचे आणि मुलीशी इंग्रजी. तिला कळायचं सगळं, बोलायला लागली की चौथ्या शब्दाला इंग्रजी यायचं, आणि वाचताना ती अक्षर अक्षर सुटं करायची. एके दिवशी सगळ्यांसमोर परिच्छेद वाचायची पाळी आली तेव्हा तिने पोट दुखतंय म्हणून सांगितलं. पुढच्या वेळीही पोटच दुखलं. दुबईहून आलेला मुलगा आजीशी अस्खलित साताऱ्याची मराठी बोलायचा, पण देवनागरीशी त्याची ओळखच नव्हती.

आणि गावठाणातला आगरी मुलगा. त्याच्या घरातलं या शाळेत आलेलं हे पहिलंच मूल. वडिलांचा डंपर आणि जेसीबीचा व्यवसाय, त्याआधीच्या पिढीची भातशेती आणि खाडी. तो वर्गातला सगळ्यात बोलका मुलगा. पहिल्या आठवड्यात तो बाईंना म्हणाला, “मना पानी पिऊचा हाय.” बाई म्हणाल्या, “मला पाणी प्यायचं आहे, असं म्हणायचं.” काही मुलं हसली. तिसऱ्या-चौथ्या वेळी ‘गाडी’ला ‘गारी’ म्हटल्यावर पुन्हा हसली. त्यानंतर तो मराठीच्या तासाला इंग्रजीत बोलायला लागला. आम्हाला ती प्रगती वाटली. एका सहकाऱ्याने तर “इंग्लिश कॉन्फिडन्स वाढलाय” असं रिपोर्टमध्ये लिहिलं.

ऑक्टोबरच्या ओपन हाऊसला त्याचे वडील आले. शाळेत आल्यावर बरेच पालक बोलतात तशी जपून, पुस्तकी मराठी ते बोलत होते. गुणांबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही. म्हणाले, “मॅडम, पोरगा आजीला सांगतो, असं बोलू नको, चूक असतं. दोन दिवस झाले, आजी त्याच्याशी बोललीच नाही.” मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, म्हणजे ते आठवण्यासारखं नसणार. ते उठले आणि जाता जाता एवढंच म्हणाले की शाळा आहे तिथे त्यांच्या चुलत्यांची शेती होती. आवाजात राग नव्हता. पत्ता सांगावा तसं सांगितलं.

काय काय तोलून पाहिलं

पुढच्या सोमवारी प्राचार्यांकडे बैठक झाली. प्राचार्य परदेशी, मराठी त्यांना येत नव्हती, पण प्रश्न नेमके विचारायचे.

पहिला पर्याय होता काहीच न करण्याचा. गट आहेत तसे ठेवायचे आणि हसणाऱ्या मुलांना समज द्यायची. वर्षाच्या मध्यात वेळापत्रक मोडलं की फ्रेंच, स्पॅनिश, पोहणं, सगळ्यांचे तास हलतात, आणि ते हलवणाऱ्या माणसाशी नंतर वर्षभर कुणी चहा पीत नाही. म्हणून हा पर्याय दिसायला मूर्खपणाचा असला तरी टेबलावर सगळ्यात जास्त वेळ तोच राहिला.

दुसरा पर्याय दोन परदेशी पालकांनी सुचवला होता, सुटीचा. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही दोन वर्षांत परत जाणार, मुलाला आमची भाषा टिकवायचीय, इंग्रजी आहे, त्यात आणखी एक लिपी कशाला? त्यांचं चुकत नव्हतं. कोरियातलं शालेय वर्ष मार्चला सुरू होतं, त्यामुळे ती कुटुंबं मधेच फेब्रुवारीत उठून जातात आणि परत गेल्यावर मूल कोरियनमध्ये मागे पडलेलं चालत नाही. पण सूट द्यायची तर ती शासनाने, शाळेच्या हातात ती नव्हती. शिवाय सहावीत मराठीचा ताण गुणांचा नव्हताच. पुढे अकरावी-बारावीला असणाऱ्या आयबी डिप्लोमाच्या पंचेचाळीस गुणांत या मराठीचा एकही गुण मोजला जाणार नव्हता. मग मुलाला नकोसं होतंय ते विषयामुळे की तासामुळे, हे आधी बघू, असं आम्ही त्यांना सांगितलं. एक पालक तयार झाले, एक नाराज राहिले.

तिसरा पर्याय बाईंनी मांडला: तीन पातळ्या करा, परीक्षा घेऊन. पहिली, दुसरी, तिसरी. मला तो पटला होता. प्राचार्यांनी तेव्हा विचारलं, “ज्या मुलाला बोलता येतं आणि वाचता येत नाही, तो कुठल्या पातळीत?” बाई म्हणाल्या, पहिल्या. मी म्हणाले, तिसऱ्या. दोघी एकाच वेळी बोललो आणि गप्प झालो.

खरं तर उत्तर आमच्याच कपाटात होतं. एमवायपीत भाषा शिकण्याचं मूल्यमापन चार निकषांवर होतं, ऐकणं, वाचणं, बोलणं आणि लिहिणं, प्रत्येकी आठपैकी. फ्रेंचसाठी आम्ही ते वर्षानुवर्षं वापरत होतो. मराठी मात्र ‘कायद्याची’ म्हणून बाजूला ठेवली होती. तिच्यासाठी हजेरी आणि वर्कशीट पुरेसं आहे असं कुणी ठरवलं नव्हतं, ते आपोआप ठरलं होतं. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त बोचतं ते हेच.

चौथा पर्याय, आणखी एक शिक्षक नेमण्याचा, शाळेच्या अर्थखात्याने चार ओळींच्या मेलमध्ये मिटवला.

काय केलं

दिवाळीच्या सुटीआधीच्या आठवड्यात बाई आणि मी एकेका मुलाला पंधरा मिनिटं भेटलो. एक चित्र दाखवायचं, फेरीबोट, मासळीवाली, पूल, आणि बोलतं करायचं. मग चार ओळी वाचायला द्यायच्या. मग दोन वाक्यं लिहायला. मातृभाषेचा रकाना झाकून ठेवला.

निकाल पाहून बाई थोडा वेळ कागद उलटसुलट करत राहिल्या. वाचनात तमिळ मुलगी सगळ्यांच्या पुढे. बोलण्यात ती लाजून दोन वाक्यांवर थांबलेली. बोलण्यात पहिला आगरी मुलगा आणि त्याच्या पाठोपाठ दुबईचा. वाचनात दुबईचा मुलगा कोरियन मुलीच्याही मागे. ती दोन महिन्यांत बाराखडी चोख शिकली होती. तिची आई मला म्हणाली होती की यात नवल नाही, आमची लिपीही पंधराव्या शतकात राजाने तोंडातल्या जिभेच्या जागा पाहून बसवली, तुमची अक्षरंही कंठापासून ओठांपर्यंत ओळीने मांडलेली आहेत. मी मराठी शाळेत शिकले, पण ‘क’पासून ‘प’पर्यंत आपण घशातून ओठांकडे चालत येतो हे मला एका कोरियन बाईंनी लक्षात आणून दिलं.

मग गट पाडले ते दोनदा. आठवड्यातले दोन तास वाचन-लेखनाचे गट, दोन तास बोलण्या-ऐकण्याचे गट, आणि दोन्हींत मुलं वेगळी. हिंदीच्या शिक्षिकांनी दोन तास घेतले. त्याबदल्यात त्यांचं शुक्रवारचं मैदानावरचं काम काढलं. पोहण्याच्या सरांनी तास हलवायला नकार दिला, म्हणून एक गट तीन आठवडे वाचनालयाच्या कोपऱ्यात बसला.

‘मना’चं काय करायचं, यावर बाईंशी दोन वेळा बोलणं झालं आणि एकदा वाद. त्यांचा प्रश्न रास्त होता: “लेखी पेपरात त्याने ‘मना’ लिहिलं तर मी बरोबर देऊ का? पुढे कुठे अर्ज लिहायला बसला तर लोक त्याला हसतील, मला नाही.” मी म्हटलं, आत्ता इथे लोक हसतायतच. मग त्या अचानक म्हणाल्या, “आमच्याकडे ‘करून राहिली’ म्हणतात. ठाण्याला आल्यावर पहिल्या वर्षी स्टाफरूममध्ये इतक्या जणी हसल्या की मी ते सोडूनच दिलं. आता आईशी फोनवर बोलतानाही येत नाही.” त्यानंतर आम्ही जे ठरवलं त्यात बाईंचा वाटा माझ्यापेक्षा मोठा आहे. बोलताना कुणाचंही ‘चूक’ म्हणून तोडायचं नाही. लिहिताना प्रमाण मराठी शिकवायची आणि ती का शिकवतो हे मुलांना सांगायचं. फळ्यावर दोन रकाने: ‘घरी’ आणि ‘पुस्तकात’. घरी ‘मना’, पुस्तकात ‘मला’. घरी ‘पानी’, पुस्तकात ‘पाणी’. दुबईच्या मुलाचे साताऱ्याकडचे शब्द त्याच रकान्यात आले, बाईंचं ‘करून राहिली’ही आलं. जर्मन मुलाने विचारलं, आमच्या गावची जर्मन पण लिहू का? लिही म्हटलं.

नोव्हेंबरपासून बोलण्याच्या गटांना आम्ही एक विषय दिला: खाडी. शाळेच्या गच्चीवरून ती दिसते. त्याच ऑगस्टमध्ये ठाणे खाडीला रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला होता आणि विज्ञानाच्या वर्गात फ्लेमिंगोंवर काम चालूच होतं. हा विषय आगरी मुलासाठी मुद्दाम निवडला, असं आज म्हटलं तर बरं दिसेल. खरं असं की विज्ञानाची वर्कशीटं तयार होती.

पण एका तासाला त्याचे आजोबा आले. आजी यायला तयार झाली नाही. आजोबांनी मासळीची नावं सांगितली, बोंबील, मांदेली, चिंबोरी, निवटी, जिताडा, आणि कुठली कधी मिळायची आणि आता मिळत नाही ते सांगितलं. कोरियन मुलीला निवटी ओळखीची निघाली. चिखलावर उड्या मारणारा तो मासा त्यांच्याकडच्या किनाऱ्यावरही असतो. मग कुणीतरी विचारलं, खाडीवर जायची वेळ कशी कळायची? आजोबा म्हणाले, तिथीला पाऊणपट करायचं. आज सहावी तिथी, तर सहा पाऊण साडेचार, साडेचारच्या सुमाराला भरती पुरी. पुनवेला आणि अवसेला उधाण, अष्टमीला भांग, म्हणजे सगळ्यात कमी जोराची भरती.

वर्गातल्या कुणालाच ‘पाऊणपट’ समजला नाही. बाईंनाही क्षणभर नाही. आगरी मुलाने उठून फळ्यावर तीनचतुर्थांश लिहिलं आणि अष्टमीचं गणित करून दाखवलं: आठ गुणिले तीन भागिले चार, सहा. बोलत होता आजोबांसारखा, ‘सहा वाजता भरती व्हतं’, आणि कुणी हसलं नाही. मुलं उत्तर उतरवून घेण्यात गुंतली होती. घरी गेल्यावर मी भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहिलं. खाडीच्या आत पाणी पोचायला थोडा उशीर लागतो तेवढा फरक सोडला, तर ठोकताळा बसला. पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत. माझ्या आजीला यायची, मला येत नाही.

काय निष्पन्न झालं

मार्चपर्यंत बोलण्याचे गट चांगले चालले, वाचनाचे बरे. आगरी मुलगा मराठीच्या तासाला पुन्हा मराठी बोलायला लागला. लेखनात तो वर्षअखेरीसही आठपैकी तीनवरच होता. ऱ्हस्व-दीर्घ आणि ‘ण’-‘न’ त्याला त्रास देत राहिले. त्याच्या वडिलांना मी ते सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि आजीबद्दल मात्र काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

तमिळ मुलगी आणि तो एकत्र काम करायचे. ती लिहायची, तो बोलायचा. सोयीचं होतं, पण आम्ही ते फार वेळ चालू दिलं. दोघांनीही आपापली कच्ची बाजू दुसऱ्यावर सोपवून टाकली.

कोरियन मुलगी बसमधल्या मावशींशी मराठीत बोलायला लागली. ‘काय’ आणि ‘गाय’चा घोळ मावशींनी सोडवला, आम्ही नाही. त्या तिला रोज खिडकीतून गाय दाखवायच्या. मावशींना ‘तू’ म्हणायचं की ‘तुम्ही’, हा प्रश्न तिने आठवडाभर धरून ठेवला होता. कोरियनमध्ये वयाप्रमाणे क्रियापदाचं रूपच बदलतं, त्यामुळे तिला त्यातली जोखीम आमच्या मुलांपेक्षा जास्त कळत होती. वर्गातली निम्मी मराठी मुलं मावशींना ‘तू’ म्हणतात, हे तिच्या प्रश्नामुळे पहिल्यांदा बोललं गेलं.

जर्मन मुलगा डिसेंबरात गेला. वडिलांचा करार संपला. त्याच्यासाठी ‘त’ आणि ‘ट’च्या ध्वनिफिती तयार केल्या होत्या, त्या तशाच राहिल्या.

घोडबंदरच्या मुलीचं प्रकरण नीट झालं नाही. नव्या रचनेत ती वाचनाच्या सुरुवातीच्या गटात गेली. पालकांना पाठवलेल्या मेलमध्ये माझ्या हातून ‘खालचा गट’ असा शब्द गेला. आई दुसऱ्या दिवशी दारात. “माझी मुलगी मराठी आहे, कोरियन मुलगी वरच्या गटात आणि ही खालच्या?” मी तिला निकष समजावून सांगत राहिले, आणि ती तोपर्यंत रडायच्या बेतात आली होती. निकष बरोबर होते. पण तिला त्या क्षणी कळत होतं ते हे की घरी मुलीशी मराठी न बोलण्याचा दहा वर्षांपूर्वीचा निर्णय आज एका गटाच्या यादीत छापून आलाय. तिच्या समोर बसून ते कसं बोलायचं, हे मला सुचलं नाही. मुलगी पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत गेली. कारण बसचा प्रवास, असं अर्जात लिहिलं होतं. मेट्रोच्या कामात घोडबंदर रोडची जी अवस्था होती ती पाहता तेही खरं असेल.

पुन्हा करायचं झालं तर

गट पाडण्याआधीची ती पंधरा मिनिटांची भेट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घेईन. त्यासाठी दोन शिक्षिकांचे मिळून दहा-अकरा तास लागले, त्याहून जास्त नाही. दहा तास वाचवायला जाऊन आम्ही अख्खं सत्र घालवलं.

पालकांशी आधी बोलेन, मेलवर नाही. विशेषतः मराठी पालकांशी. परदेशी पालकांची भीती आम्हाला आधीच दिसत होती, त्यांच्यासाठी आम्ही उत्तरं तयार ठेवली होती. ‘मराठी आहे, येतंच तिला’ म्हणणाऱ्या घरांत काय चाललंय याचा विचारच केला नव्हता.

हसण्याचा प्रश्न पहिल्या दिवशी थांबवायला हवा होता, हे सगळेच म्हणतात. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते रिपोर्टमधलं ‘इंग्लिश कॉन्फिडन्स’चं वाक्य. मूल एका भाषेतून गप्प होतं तेव्हा दुसऱ्या भाषेतली त्याची बडबड वाढलेली दिसते, आणि इंग्रजी शाळेत ती बडबड कुणालाही गोडच वाटते. ते वाक्य लिहिणाऱ्या सहकाऱ्याला मी दोष देत नाही. मी ते वाचून पुढच्या पानावर गेले होते.

एक निर्णय मात्र अजून मनात नक्की झालेला नाही. लेखनात प्रमाण मराठीच, ही रेघ आम्ही मारली. ती योग्य होती असं मला बहुतेक दिवशी वाटतं. पण आजोबांचं भरतीचं गणित त्या मुलाने वहीत त्यांच्या बोलीत लिहून आणलं तेव्हा बाईंनी त्यावर लाल पेन चालवलं नाही, आणि आठपैकी काही गुणही दिले नाहीत. वही तशीच परत गेली. निकषांत त्यासाठी जागा नव्हती.

बाई पुढच्या वर्षी घराजवळच्या शाळेत गेल्या. दोनदोन गटांची रचना त्यांच्यामागे चालली नाही. पुन्हा एकच विभागणी आली, पण ती निदान वाचून-बोलून घेऊन केलेली. प्रवेश अर्जातून ‘मातृभाषा’ हा रकाना काढला आणि त्याजागी एक तक्ता आला: मूल आजी-आजोबांशी, आईशी, वडिलांशी, भावंडांशी, घरातल्या मदतनीसांशी कुठल्या भाषेत बोलतं, आणि कुठल्या भाषेत वाचतं. त्यामुळे अर्ज अर्ध्या पानाने लांबला. प्रवेश विभागाला तो तक्ता नकोसा वाटतो आणि दर उन्हाळ्यात तो काढून टाकण्याचा प्रस्ताव येतो. मी शाळा सोडली तोवर तरी तो निघाला नव्हता.